‘लव्ह यू’ दिवसातून दहा वेळा म्हणते, म्हणजे नेमकं काय म्हणते?

प्रश्न: माझी मुलगी 17 वर्षांची आहे. ‘लव्ह यू’ हे शब्द दिवसभर तिच्या तोंडी असतात. मैत्रिणीचा फोन ठेवताना, एखादा ड्रेस बघून, मांजराचा व्हिडिओ बघून, आणि घराबाहेर पडताना ‘लव्ह यू आई’. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण क्लासमध्ये नव्याने ओळख झालेल्या एका मुलाने तिसऱ्याच आठवड्यात तिला ‘आय लव्ह यू’ म्हटलं आणि आता ती सांगते, ‘आमचं प्रेम आहे.’ मी म्हणाले, ‘तीन आठवड्यांत कसलं आलंय प्रेम? तुम्हा मुलांना या शब्दाचा अर्थ तरी कळतो का?’ त्यावर ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. जाताना ‘लव्ह यू आई’ म्हणणंही बंद झालं. या मुलांनी हा शब्द इतका स्वस्त का करून टाकलाय? आणि मी तिला समजावू कसं?

उत्तर:

ताई, किशोरवयीन मुलांच्या समुपदेशनाचं काम करताना मला आता 22 वर्षं झाली. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आईबाबा येतात तेव्हा बहुतेकांच्या तोंडून ते एक वाक्य आधीच निघून गेलेलं असतं: ‘यात कसलं आलंय प्रेम?’ तुम्हाला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. कामाच्या पहिल्याच वर्षी मी 16 वर्षांच्या एका मुलीला म्हणाले होते, ‘अगं, हे वयच आकर्षणाचं असतं, होईल हळूहळू कमी.’ तिने मान डोलावली, दप्तर उचललं आणि ती परत कधी आली नाही. मी जे बोलले ते खोटं होतं असं नाही. पण तिच्या मनात काय चाललंय हे तिने सांगायच्या आतच मी त्याला नाव देऊन मोकळी झाले होते. तुमची मुलगी गप्प झाली तीही त्यामुळेच. शब्दाच्या अर्थावरून कुणी तीन दिवस अबोला धरत नाही. ‘तुला काय वाटतंय ते तुझं तुलाच कळत नाही’ असं आईच म्हणाली, हे तिला लागलं.

म्हणून समजावण्याच्या आधी एक काम करा. तिला सांगा, ‘मी त्या दिवशी जे बोलले ते तसं बोलायला नको होतं.’ एवढंच. त्याला ‘पण’ जोडू नका.

आता शब्दाबद्दल. मैत्रिणीचा फोन ठेवताना म्हटलेलं ‘लव्ह यू’ हे निरोपाचं बोलणं आहे. आपण ‘चल, ठेवते’ किंवा ‘काळजी घे’ म्हणतो, तसं. ड्रेसवरचं ‘लव्ह’ म्हणजे ‘फारच आवडला’. शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतात, आणि हे काही आजच्या मुलांनी सुरू केलेलं नाही. ‘भयंकर गोड आहे हो तुमचा नातू’ असं आपण म्हणतो तेव्हा भीती कुणालाच वाटत नसते. ‘जीव गेला माझा चालून चालून’ म्हणणारी बाई आपल्यासमोर चांगली धडधाकट उभी असते. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं की इथे शब्दाचं वजन किती धरायचं. मुलांनाही ते कळतं. मैत्रिणीने ‘लव्ह यू’ म्हटलं म्हणून कुणी रात्रभर जागत नाही. त्या मुलाने म्हटलं तेव्हा मात्र तुमची मुलगी जागली असणार.

शिवाय या मुलांच्या हातात लहानपणापासून जे आलं त्याचाही वाटा आहे. इन्स्टाग्रामवर आवडल्याची खूण म्हणजे बदाम. ट्विटरवर पूर्वी चांदणी होती, नोव्हेंबर 2015 मध्ये तिथेही बदाम आला. फेब्रुवारी 2016 मध्ये फेसबुकने अंगठ्याच्या जोडीला आणखी खुणा दिल्या, त्यांतही लाल बदाम होता आणि त्याचं नावच ‘लव्ह’. तुमची मुलगी तेव्हा अक्षरं जुळवून वाचायला शिकत असेल. मैत्रिणीचा वाढदिवस, नवे बूट, कुणाच्या आजोबांची आठवण, सगळ्यावर एकच खूण उमटवायची, हे त्या पिढीला अक्षरांबरोबरच मिळालं. त्याबद्दल तिला बोल लावण्यात अर्थ नाही. हा वापर मी मुलांकडून कधीच सुधारून घ्यायला जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

माझी काळजी दुसरीच आहे. एकच शब्द आठ-दहा भावनांच्या जागी बसला की आपल्याला त्यातली नेमकी कोणती वाटते आहे हे मुलांना ओळखता येईनासं होतं. खूप वेळा वापरल्याने शब्दाचं फारसं बिघडत नाही. त्याच्या शेजारचे शब्द वापरातून गेले की माणसाचं बिघडतं.

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. 19 वर्षांचा एक मुलगा यायचा. त्याची मैत्रीण त्याच्याशी बोलणं कमी करत चालली होती आणि तो दर वेळी एकच सांगायचा: ‘मॅडम, माझं तिच्यावर खूप प्रेम आहे.’ एके दिवशी मी त्याला म्हटलं, ‘आज प्रेम, लव्ह, फीलिंग हे तीन शब्द सोडून बोल. काय होतं तुला, ते सांग.’ तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसला. मग म्हणाला, ‘ती ऑनलाइन दिसते आणि माझा मेसेज वाचत नाही, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.’ मी म्हटलं, आणखी? ‘ती मित्रांबरोबर हसताना दिसली की मला ते आवडत नाही.’ आणखी? पुन्हा टोपण. ‘माझ्या घरात कुणी मला दिवस कसा गेला असं विचारत नाही. ती विचारायची.’ मी काही बोलले नाही. मग अगदी हळू आवाजात तो म्हणाला, ‘ती आजारी होती तेव्हा मी दोन विषयांच्या नोट्स हाताने लिहून तिच्या मैत्रिणीकडे दिल्या. माझं नाव सांगू नको म्हटलं.’

ही चार वाक्यं मी कागदावर एकाखाली एक लिहिली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने तो स्वतःच वाचला. पहिल्यासमोर ‘भीती’ लिहिलं, दुसऱ्यासमोर ‘जळणं’, तिसऱ्यासमोर ‘एकटेपणा’. चौथ्यापाशी तो थांबला. म्हणाला, ‘हे मात्र प्रेम आहे ना?’ मी म्हटलं, ‘मलाही तसंच वाटतं.’ त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं की आपण जे ‘खूप प्रेम’ म्हणत होतो त्यात तिच्यासाठी असलेलं थोडं होतं आणि बाकीचं आपल्याच घरातून आलेलं होतं. नातं टिकलं नाही, पण तो मोडून पडला नाही. कशाचं दुःख आहे हे त्याला नावानिशी माहीत होतं.

मराठीत या घराण्यातले शब्द किती आहेत बघा. ओढ, भुरळ, ध्यास, लळा, माया, जिव्हाळा, आपुलकी, कौतुक, जीव जडणं, जीव लावणं. प्रत्येकाची जागा वेगळी. लळा लागतो तो सहवासाने. लांबून बघितलेल्या माणसाचा लळा लागत नाही, भुरळ पडते. जिव्हाळा एका रात्रीत होत नाही, ओढ होऊ शकते. मुलांना हे शब्द पुस्तकातून माहीत असतात, पण ते स्वतःला लावून बघायला त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. आपण तरी कुठे वापरतो ते त्यांच्यासमोर?

अजून एक गोष्ट मी मुलांना आवर्जून दाखवते. ‘मला तू आवडतोस’ असं आपण म्हणतो तेव्हा वाक्याची सुरुवात ‘मला’ने होते. भूक लागावी, झोप यावी, तसं आवडणं मला होतं. मी ते ठरवून करत नाही. पण ‘मी तुझ्यावर प्रेम करते’ यात मी कर्ती आहे, काहीतरी करते आहे. मग मी विचारते, ‘काय करतेस? तीन गोष्टी सांग.’ मुलं विचारात पडतात, आणि तो विचार फार कामाचा असतो. ‘आय लव्ह यू’ म्हणताना हा फरक झाकला जातो, कारण ते आपल्याकडे घडीव वाक्यासारखं आख्खंच्या आख्खं वापरलं जातं, आत डोकावून कुणी बघत नाही.

आता तुमच्या मुलीच्या तीन आठवड्यांकडे येते. तिला जे वाटतं ते खरं आहे, यात शंका घेऊ नका. आर्थर ऍरन, हेलन फिशर आणि लूसी ब्राउन या संशोधकांच्या गटाने 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतेच प्रेमात पडलेले 17 जण त्यांनी घेतले आणि आवडत्या माणसाचा फोटो बघताना त्यांच्या मेंदूत काय होतं ते स्कॅन करून पाहिलं. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी निगडित असलेले, एखादी गोष्ट हवीहवीशी करून आपल्याला तिच्यामागे धावायला लावणारे भाग तेव्हा जोरात काम करत होते. म्हणजे सुरुवातीची ती अवस्था एखाद्या शांत भावनेपेक्षा तहानेच्या जास्त जवळची आहे. तहानेलेल्या माणसाला ‘तुला तहान लागलेलीच नाही’ असं सांगून बघा, तो तुमचं पुढचं काहीही ऐकणार नाही.

या अवस्थेला मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी 1970 च्या दशकात ‘लिमरन्स’ असं वेगळं नाव दिलं. मी त्याला ध्यास म्हणते. मनात सतत तोच विचार, त्याच्या साध्या बोलण्याचेही अर्थ काढत बसणं, त्याच्या होकाराने आभाळ ठेंगणं आणि एका कोरड्या उत्तराने दिवस वाया. टेनॉव्ह यांचं एक निरीक्षण मला दररोज खरं होताना दिसतं: हा ध्यास आशा आणि अनिश्चितता यांच्या मिश्रणावर वाढतो. पूर्ण होकार मिळाला किंवा पूर्ण नकार मिळाला तर तो ओसरू लागतो. ‘कदाचित’वर तो पोसला जातो. मेसेजखालच्या दोन निळ्या खुणा, ‘टायपिंग’ असं दिसून नाहीसं होणं, ही सगळी ‘कदाचित’ची कारखानदारीच आहे. आणि घरून विरोध झाला की त्यात आणखी एका ‘कदाचित’ची भर पडते.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी 1986 मध्ये मांडलेली प्रेमाची त्रिकोणी मांडणीही मुलांना पटकन समजते. जवळीक, उत्कटता आणि बांधिलकी अशा त्या त्रिकोणाच्या तीन बाजू. उत्कटता तीन आठवड्यांत शिगेला पोचू शकते. जवळीक थोडीफार होऊ शकते. बांधिलकी मात्र मोजायची कशी? त्यासाठी काहीतरी अडायला हवं, भांडण व्हायला हवं, एखाद्याने चूक करायला हवी आणि तरी दुसऱ्याने थांबायला हवं. तीन आठवड्यांत तशी वेळच आलेली नसते. तेव्हा ‘हे प्रेम नाही’ असं म्हणण्यापेक्षा ‘यातली एक बाजू जोरात आहे, बाकीच्या दोन अजून दिसायच्या आहेत’ असं म्हणणं जास्त खरं आहे. मुलंही ते ऐकून घेतात.

मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी 1950 मध्ये लिहिलेलंही सांगते, कारण त्याने तुमची धास्ती थोडी कमी होईल. त्यांच्या म्हणण्यानुसार या वयातलं प्रेम म्हणजे बऱ्याच अंशी आपण कोण आहोत हे दुसऱ्याच्या आरशात बघणं, आणि म्हणूनच त्यात बोलणंच पुष्कळ असतं. रात्री दोन-दोन तास ही मुलं काय बोलतात असं तुम्हाला वाटत असेल. बहुतेक वेळा ती स्वतःबद्दल बोलत असतात.

इथवर मी मुलांच्या बाजूने बोलले. आता जिथे मी अजिबात मऊ होत नाही तिथे येते.

‘लव्ह यू’ किती वेळा म्हटलं हे मोजू नका, त्याच्या पुढे-मागे काय आहे ते बघा. एका मुलीने मला तिचा फोन दाखवला होता. दिवसभर ‘लव्ह यू’, ‘लव्ह यू सो मच’, बदामांच्या रांगा. रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी ‘कुठे आहेस?’ 11:42 ला ‘उत्तर का देत नाहीस?’ 11:43 ला ‘लव्ह मी ना?’ आणि 11:50 ला ‘मग लोकेशन पाठव.’ ती त्या वेळी आजीच्या उशाशी बसली होती. तिने लोकेशन पाठवलं. मला म्हणाली, ‘तो माझ्यावर खूप प्रेम करतो, म्हणून त्याला काळजी वाटते.’ मी तिला एवढंच विचारलं, ‘आजी कशी आहे, असं त्याने विचारलं का?’ ती फोनवर वरखाली शोधत राहिली. नव्हतं विचारलं.

‘प्रेम असेल तर’ने सुरू होणारं वाक्य ही धोक्याची खूण आहे. प्रेम असेल तर पासवर्ड दे, तिच्याशी बोलणं बंद कर, फोटो पाठव, घरी सांगू नकोस. इथे हा शब्द भावना सांगायचं सोडून वसुली करू लागतो. अगदी ओळख होते न होते तोच कौतुकाचा आणि ‘लव्ह यू’चा पूर आला, मग थोड्याच दिवसांत हळूहळू अटी येऊ लागल्या, तर सावध व्हायचं, हे मुलींना आणि मुलांनाही स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. मुलांनाही म्हणते, कारण असा दबाव मुलींकडूनही येतो आणि ते कुणाला सांगायची मुलांना जास्त लाज वाटते. परीक्षा एकच: आपण एखाद्या लहानशा गोष्टीला ‘नाही’ म्हटलं की समोरचा काय करतो? थोडा हिरमुसला आणि पुढे गेला, तर ठीक. रुसवा, धमकी, ‘मी स्वतःचं काहीतरी करून घेईन’ असं काही आलं, तर त्याच दिवशी घरात सांगायचं. आणि खासगी फोटो गेलेला असेल तर तिने तुमच्याकडे यावं, एवढी जागा आजच तयार करून ठेवा. ‘तू असं केलंसच कसं’ हे वाक्य तेव्हा तोंडातून येणार नाही, असं तिला आत्ताच सांगा. तिच्यावर रागवायला पुढे आयुष्य पडलंय, त्या तासाला तिला तुम्ही हव्या असता. आणि धमकी आली असेल तर पोलिसांकडे जाताना सोबतही तुमचीच लागेल.

तिच्याशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. ‘तुझं खरंच प्रेम आहे का?’ हे विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’च येणार आणि मग तिला ते निभावावं लागणार. त्यापेक्षा हे विचारा: त्याच्याशी बोलून झाल्यावर तुला मोकळं वाटतं की दमल्यासारखं? तो तुला काय काय विचारतो? कशावरून तुमचं पटलं नाही असं झालंय का, आणि मग काय झालं? त्याच्याबरोबर असताना तू आहेस तशी असतेस की जरा वेगळी? एका बैठकीत सगळं नको. शेजारी बसून काहीतरी काम करता करता एक प्रश्न पुरे. डोळ्यांत डोळे घालून विचारलेल्या प्रश्नापेक्षा कपड्यांच्या घड्या घालताना विचारलेल्या प्रश्नाला मुलं खरं उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे. उत्तर आल्यावर लगेच शिकवायला जाऊ नका. ऐका आणि उठा.

एक वाक्य मात्र तिला हाताशी द्या. समोरच्याने ‘आय लव्ह यू’ म्हटलं की ‘लव्ह यू टू’ म्हणणं भागच आहे, असं फार मुलामुलींना वाटतं. गप्प राहिलं तर त्याचा अपमान होईल, तो निघून जाईल. म्हणून मनात नसताना किंवा मनाचं अजून ठरलेलं नसताना शब्द परत केला जातो, आणि एकदा दिला की आपण बांधले गेलो असं वाटू लागतं. तिला सांगा की असंही म्हणता येतं: ‘तू मला खूप आवडतोस. प्रेम म्हणायला मला अजून वेळ हवा आहे.’ मी हे वाक्य मुलांकडून मोठ्याने म्हणून घेते, दोनदा, तीनदा. पहिल्यांदा त्यांना हसू येतं. तिसऱ्यांदा आवाज स्थिर होतो.

तिची झोप उडाली, अभ्यासाकडे ती बघेनाशी झाली, जुन्या मैत्रिणी सुटल्या, आणि हे दोन-तीन आठवडे तसंच राहिलं तर समुपदेशकाकडे घेऊन या. स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर दोन-तीन आठवडे थांबू नका, लगेच या. नुसती गाणी ऐकत खिडकीत बसत असेल तर बसू द्या.

आणि आता तुम्ही सहज लिहून गेलात त्या वाक्याबद्दल. ‘जाताना लव्ह यू आई म्हणणंही बंद झालं.’ ताई, तो शब्द खरंच स्वस्त झाला असता तर तो ऐकू येईनासा झाल्याचं तुम्हाला कळलंही नसतं. तुम्ही तीन दिवस दाराशी तो ऐकायला थांबला होतात. ती रोज म्हणत होती तेव्हा तुम्ही काय उत्तर देत होतात, ते आठवून बघा. बहुतेक आया ‘हं, पोचलीस की कळव’ म्हणतात, आणि त्यांच्या परीने त्यांनी ‘लव्ह यू’च म्हटलेलं असतं, पण 17 व्या वर्षी ते तसं ऐकू येत नाही. इंग्रजी शब्द तुमच्या तोंडी बसत नसतील तर तुमचे शब्द घ्या. ‘माझा फार जीव आहे गं तुझ्यावर’ असं एकदा तिला ऐकू द्या, पायात चप्पल अडकवताना, मागून, पण तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात.